घर पाहायला गेलेल्या मायलेकी

झाशी,
१८ नोव्हेंबर १९३१

इकडील सेवेशी शकुंतलेचा नमस्कार.

आम्ही दोघी पोचल्याची तार केशवभाऊजींनी केलीच आहे. चुलतभाऊ असून स्वतः स्टेशनावर आले, टांगा बोलावून ठेवला होता, मधूची ट्रंकही त्यांनीच उचलली. एवढं आपल्या सख्ख्या माणसांनी कधी केलेलं मला आठवत नाही. जाऊबाईंनी दारातच मधूवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. खंडेराव गेटाच्या आत पाऊल टाकल्यापासून मी पाहुणचारानं अवघडून गेले आहे.

पण खरी थक्क झाले ती इथले घरमालक बघून. भुसावळला आपण तीन घरं बदलली. कुणी विचारलं ते एवढंच, की नोकरी कायम आहे का आणि म्हैस बांधणार आहात का. इथं सोमवारी जाऊबाई आम्हाला सिप्री बाजारात पहिलं घर दाखवायला घेऊन गेल्या. घर दुमजली, मालक मराठीच. मी विहिरीचं पाणी खारं आहे का विचारते, तर मालकीणबाई मधूचं नक्षत्र विचारतात. मी छप्पर गळतं का विचारते, तर त्या आपलं गोत्र विचारतात. मग पोहे आले, ते मधूनंच आणावेत असं ठरलं. नंतर त्यांनी सुई-दोरा पुढं केला आणि म्हणाल्या, ‘माझ्या नजरेला दिसेना, तू ओव गं बाळ.’ मधूनं एका झटक्यात ओवली. तेवढ्यानं बाईंचं तोंड असं फुललं, की मला वाटलं आता भाडं निम्मं करतात की काय.

परत येताना मी जाऊबाईंना म्हटलं, भाडेकरूची एवढी पारख मी जन्मात पाहिली नाही. त्या म्हणाल्या, ‘इकडे असंच आहे जी. आपले लोक गिनेचुने. घर कुणाला देतो ते सब देखभाल के.’ मुलूख परका, रीत परकी, म्हणून मी ते मानून घेतलं.

आता कामाचं. ड्यूटीचं बोलावणं घेऊन येणारा कॉलवाला स्टेशनपासून ठरल्या हद्दीपलीकडं येत नाही आणि गार्डाचं घर त्या हद्दीतच हवं, हे आपलं सांगणं माझ्या ध्यानात आहे. सिप्री हद्दीत बसतं. पण मुलींची शाळा पडली शहराच्या पार दुसऱ्या अंगाला, लक्ष्मी ताल म्हणून तळं आहे, त्याच्याकडं. म्हणजे मधूनं रोज रूळ ओलांडायचे, मालगाडी आडवी असली तर उभं राहायचं आणि मग सगळं शहर तुडवायचं. रेल्वेच्या क्वार्टरात राहिलं तर ड्यूटी दाराशी, पण तिथली शाळा साहेबांच्या मुलांची. आपल्याला जवळ ते तिला लांब, तिला जवळ ते आपल्याला लांब.

भुसावळच्या फलाटावर आपण मधूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, ‘आधी तुझी शाळा, मग माझी ड्यूटी.’ ते वाक्य तिनं इटारसीपर्यंत मला चार वेळा म्हणून दाखवलं. तेव्हा मी घर त्याच हिशेबानं बघते आहे. आपली बदली पौषात होईपर्यंत छप्पर नक्की ठरलेलं असेल, काळजी नसावी.

पाकिटावर आपलं नाव मी कसं लिहिणार, ते भाऊजी लिहून देतात.

आपली,
सौ. शकुंतला


झाशी,
२५ नोव्हेंबर १९३१

इकडील सेवेशी नमस्कार विशेष.

आपलं कार्ड पोचलं. ‘जाऊबाई दाखवतील ती सगळी घरं पाहा, घाई करू नको,’ असं आपण लिहिलंत. घाई मी करतच नाही. पण या लोकांच्या तऱ्हा पाहून रोज नव्यानं तोंडात बोट घालावं लागतं.

दुसरं घर नगरा नावाच्या वस्तीत, रेल्वे वर्कशॉपच्या भोंग्याखाली. धुरानं वाळत घातलेलं लुगडं संध्याकाळपर्यंत राखी होईल असं. तिथल्या आजीबाईंनी मधूला विहिरीवर पाय धुऊन यायला सांगितलं आणि तशाच ओल्या पायांनी फरशीवरून चालत ये म्हणाल्या. चालून झाल्यावर फरशीवर उमटलेली पावलं त्यांनी वाकून पाहिली. मला वाटलं सोवळं कडक असेल. मी मनात म्हटलं, एवढी स्वच्छतेची आवड आणि घर घेतलंय कोळशाच्या पोटात. त्या जाऊबाईंना बुंदेलीत म्हणाल्या, ‘मोड़ी तौ नौनी है.’ जाऊबाई हसल्या. मुलगी छान आहे एवढा अर्थ मलाही लागला. आपल्या लेकीचं कुणी चांगलं बोललं तर कुठल्या आईला आवडत नाही?

तिसरं घर मात्र माझ्या मनात भरलं आहे. खंडेराव गेटाच्या आतच, जाऊबाईंपासून दोन गल्ल्या सोडून. मालकीण बकुळाबाई म्हणून आहेत, विधवा. एकच मुलगा, विद्याधर, रेल्वेच्या कचेरीत कारकून. अंगणात तुळस, गोड्या पाण्याची विहीर आणि शाळा पायी जाण्याजोगी. कॉलवाला गेटापर्यंत सायकलनं येतो अशी भाऊजींनी खात्री दिली, म्हणजे हद्दीच्या काठावर का होईना, आपण बसतो. आपल्याला मात्र एक सायकल लागेल. या वयात पडू नये म्हणजे झालं.

बकुळाबाईंनी भाड्याचा आकडा काही सांगितला नाही. म्हणाल्या, ‘त्याचं काय, आपसांत होईल.’ त्यांनी मधूला जवळ बसवून घेतलं, ‘केसांत तेल घालते’ म्हणून तिची वेणी सोडली, लांबी बघितली आणि पुन्हा घालून दिली. तो मुलगाही येऊन समोर बसला. चहा थंड होईपर्यंत त्यानं कपाला हात लावला नाही. शेवटी विचारलं, ‘शिक्षण कुठवर?’ मधू म्हणाली, ‘इंग्रजी तिसरी. पुढं शिकणार आहे.’ तिचा स्वर मला जरा ताठ वाटला. परत येताना मी तिला रागावले, की लोकांच्या घरी बसलं तर खाली बघून मऊ बोलावं, घर मिळायचं आहे आपल्याला.

ती हल्ली फार गप्प झाली आहे. हिंदीची भीती बसली असावी. शाळेच्या मोठ्या बाईंना मी भेटून आले. हिंदी शुद्धलेखन बरं आलं तर मधेच वर्गात घेते म्हणाल्या. तुळशीच्या लग्नात सगळ्या मुली फुलबाज्या उडवत होत्या, ही कोपऱ्यात उभी. आपण एक चार ओळी तिला वेगळ्या लिहा.

तिसरं घर ठरवू का? आपला होकार आला, की मी खोल्यांची मापं घेते. आपला शिसवी पलंग जिन्यातून वर जातो का ते बघायला हवं.

आपली,
सौ. शकुंतला


झाशी,
३० नोव्हेंबर १९३१

नमस्कार.

आज मी काय ऐकून आले ते लिहिते. लिहिताना अक्षर वेडंवाकडं झालं तर समजून घ्यावं.

आपल्या होकाराची वाट न बघता मी दोरी घेऊन बकुळाबाईंकडं गेले. वाटलं, नुसतं माप घ्यायला काय हरकत आहे. जाऊबाई देवळात गेल्या होत्या, म्हणून मी एकटीच. बकुळाबाईंनी हसून आत घेतलं. मी खालच्या खोलीत दोरी लावली तर म्हणाल्या, ‘पलंगासाठी मोजता आहात का? आम्ही पलंग मागितला नव्हता हो. पण द्यायचाच असेल तर वरच्या खोलीत. विद्याधर वरच निजतो.’

मला वाटलं बाई वयामुळं भलतंच बोलतात. मी म्हटलं, वरची खोली भाड्यात धरलेली नाही का? त्या म्हणाल्या, ‘भाडं? कसलं भाडं जी?’

मग त्यांनी मला पाटावर बसवलं, गूळपाणी दिलं आणि सगळं मनमोकळेपणानं सांगितलं. घर भाड्यानं द्यायचं नव्हतंच कधी. मायलेक स्वतः राहतात, त्यांना दुसरं घर कुठाय? सिप्रीचं भाड्याचं नव्हतं, नगऱ्याचंही नव्हतं. तिन्ही घरी एकेक लग्नाचा मुलगा आहे. आमच्या मधूला तिन्ही घरी दाखवून झालं. पाय बघितले, डोळे बघितले, केस बघितले. बकुळाबाईंनाच ती सगळ्यांत जास्त पसंत पडली. म्हणाल्या, ‘माघात बार उडवून टाकू. तोवर तिला चौदावं पुरं होईल, नव्या कायद्याची कटकट नको.’ आणि माझ्या हातावर साखर ठेवली.

मी ती साखर हातात धरून घरी आले. रस्त्यात घामानं तिचा चिकटा झाला. कुठं टाकावी तेही सुचलं नाही.

आपल्याकडं मुलीला पाहायला मुलीच्या घरी येतात. मुलीला दारोदार फिरवून दाखवायची रीत मी कानानं ऐकली नव्हती. आणि मला तर कुणी पाहिलंच नव्हतं. अकराव्या वर्षी पत्रिका जुळली आणि अक्षता पडल्या. पोहे, सुई, ओली पावलं, यातलं काहीच माझ्या वाट्याला आलं नाही, मग मी ओळखणार कशी? तरी आता एकेक आठवून अंगावर काटा येतो. म्हैस बाजारात नेतात तिचे दात बघतात. मी माझ्या हातानं दोर धरून चालले होते.

जाऊबाई देवळातून आल्या तेव्हा मी विचारलं. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, ‘मुलीचं भलंच आहे ना.’ भाऊजी कचेरीतून आले, तेही तेच म्हणाले आणि कोट काढून जेवायला बसले. माणसं असं करून जेवू शकतात याचं मला नवल वाटतं. मी त्यांना सांगितलं, मधूच्या वडिलांना कळू द्या, मग बघा. भाऊजींच्या हातातला घास मधेच थांबला.

आपण इथं असता तर कुणाची टाप झाली नसती. पत्र हाती पडताच तार करा. दोनच शब्द घाला, ‘लग्न नाही’. ती तार मी भाऊजींच्या ताटाशेजारी ठेवीन. आणि आम्हाला न्यायला या, नाहीतर पास पाठवा. या घरचं पाणी माझ्या घशाखाली उतरत नाही.

मधूला मी अजून काही सांगितलेलं नाही. लेकरू घाबरेल.

शकुंतला


झाशी,
७ डिसेंबर १९३१

तुम्हाला,

तार आली नाही. रोज पोस्टमनची वाट पाहिली. आता पाहणार नाही.

आज सकाळी विहिरीवर जाऊबाई म्हणाल्या, ‘शकुंतलाबाई, किती दिवस तोंड फिरवून बसणार? भावजींनी स्वतः येऊन सुपारी फोडली. आता नाराजी कशाची?’

मी विचारलं, कोणते भावजी?

‘तुमचे हे. गुरुवारी आले होते ना पंजाब मेलनं. बकुळाबाईंकडं सुपारी फुटली, तिथंच जेवले आणि परतीच्या गाडीनं गेले. तुम्हाला भेटले नाहीत का?’

घागर माझ्या हातातून विहिरीत गेली. जाऊबाईंना वाटलं भोवळ आली. त्यांनी मला धरून कट्ट्यावर बसवलं, पाठीवरून हात फिरवला. बाई वाईट नाहीत. माझ्याइतक्याच त्यांनाही धक्का बसला होता, की नवऱ्यानं बायकोला सांगितलंच नाही. त्या आपल्या समजत होत्या, मी लाजेकाजेनं न कळल्यासारखं करते आहे.

तुम्ही झाशीत होता. दोन गल्ल्यांवर. मी गुरुवारी दुपारी याच घरात बसून तांदूळ निवडत होते आणि तुमच्या तारेची वाट बघत होते. तुम्ही बकुळाबाईंच्या ओसरीवर जेवत होता. काय होतं जेवायला? मला खरंच जाणून घ्यायचं आहे. माझा विचार मनात आला तेव्हा घास घशात अडकला की नाही, तेही लिहा.

म्हणजे भुसावळच्या फलाटावर मधूच्या डोक्यावर हात ठेवलात तेव्हाच सगळं ठरलेलं होतं. बदली खरी, घर लागणार हेही खरं, आणि त्या खऱ्याच्या पोटात हे घालून मला पाठवलंत. मी नगऱ्याचा धूर काय बघते, रुळांचं फाटक काय मोजते, कॉलवाल्याची हद्द काय विचारत फिरते. ‘दाखवतील ती सगळी घरं पाहा, घाई करू नको.’ मला वाटलं नवरा किती समजूतदार आहे.

मी पंधरा वर्षांची असताना तुम्ही मला पाटीवर अक्षरं काढायला शिकवलंत. तुमची आई रागावायची, तेव्हा म्हणायचात, माहेरी गेली तर पत्र कोण लिहील मला? माझ्या अख्ख्या आयुष्यात मला कुणी एवढं मोठं काही दिलेलं नाही. ज्यानं लिहायला शिकवलं त्यालाच हे लिहावं लागतं आहे, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

पण हेही मी कदाचित गिळलं असतं. बायकांना पुष्कळ गिळायची सवय असते. जे गिळवत नाही ते आता सांगते.

विहिरीवरून आले ती सरळ मधूकडं गेले. ती माळ्यावर पुस्तक घेऊन बसली होती. मी तिला जवळ घेतलं आणि सांगितलं, तुझ्या बाबांनी तुझं लग्न ठरवलंय, पण घाबरू नकोस, मी होऊ देणार नाही.

ती म्हणाली, ‘म्हणजे तुला माहीत नव्हतं?’

मी म्हटलं, तुला माहीत होतं?

‘पहिल्याच घरी कळलं. शेजारच्या गोदाताईला असंच सुई ओवायला लावली होती.’

मग बोलली का नाहीस, असं मी विचारलं. त्यावर ती काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते. ‘तूच तर वेणी घातलीस. नवं परकर-पोलकंही तूच काढून दिलंस. नीट बस, हळू चाल, मऊ बोल, सगळं तूच सांगत होतीस. मला वाटलं तू आणि बाबांनी मिळून ठरवलंय, आणि शाळेचं नाव सांगून मला फसवून आणलंय.’

तीन आठवडे माझी मुलगी माझ्या शेजारी निजत होती आणि तिला वाटत होतं, मी तिला विकायला आणली आहे. मी तिच्या केसांतून कंगवा फिरवत होते तेव्हा ती हे मनात धरून मुकाट बसत होती. रागावली नाही, रडली नाही, पळाली नाही. तिनं मनाशी कबूल करून टाकलं होतं की तिला कुणीच नाही.

तुम्ही मला फसवलंत ते एकवेळ राहू द्या. पण माझ्या लेकीच्या मनात मला उभं कुठं केलंत? हे तुम्ही मुद्दाम केलं नसेल. तुमच्या डोक्यातही आलं नसेल. तेच मला सहन होत नाही.

शकुंतला


झाशी, लक्ष्मी तालाजवळ,
१४ डिसेंबर १९३१

दत्तात्रेय,

तुमचं नाव मी कधी तोंडानं घेतलं नाही, उखाण्यातही अडखळत घेतलं. आज ते पाकिटावरही मीच लिहिलं आहे. भाऊजींकडून लिहून घ्यायची सोय आता उरली नाही.

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही लिहिता, उत्तर हिंदुस्थानात आपल्यातली स्थळं मिळत नाहीत, आणखी दोन वर्षांनी दारोदार हिंडावं लागलं असतं. मुलगा निर्व्यसनी, कायम नोकरीचा, हुंडा मागत नाही. सासर-माहेर एकाच गावात राहील, मुलगी डोळ्यांसमोर राहील. आणि शेवटी, ‘तुला आधी सांगितलं असतं तर तू आलीच नसतीस.’

सगळं खरं आहे. शेवटचं सगळ्यांत खरं. मुलात मला काही वाईट दिसलं नाही. तुम्ही मला समोर बसवून हे सांगितलं असतंत तर मी भांडले असते, रडले असते, जेवले नसते. कदाचित दोन वर्षं थांबू, मॅट्रिक होऊ दे, मग हाच मुलगा बघू, असंही म्हणाले असते. ते भांडण तुम्हाला नको होतं. एका भांडणाचा कंटाळा म्हणून तुम्ही एवढं सगळं केलंत.

मी घर घेतलं आहे. ते कुठं आहे हे वर लिहिलंच आहे. दोन खोल्या, पुढं पडवी. मालक जयसिंग टांगेवाला, बायको-मुलांसह मागच्या अंगाला राहतो. त्याला मी म्हटलं, घर भाड्यानं हवं आहे, पण आधी एक सांग, तुझ्या घरात लग्नाचा मुलगा आहे का? तो घाबरून म्हणाला, ‘नईं बाईसाब, मोरी तौ तीन बिटियाँ हैं.’ तेव्हा मी त्याच्या हातावर भाडं ठेवलं. माझ्या आईनं दिलेल्या पुतळ्या मोडल्या, त्या माझ्याच होत्या.

तुम्ही म्हणाल, घर कसं आहे? स्टेशनापासून फार लांब. कॉलवाला इथवर येत नाही, मी विचारून खात्री केली. म्हणजे गार्डाला इथं राहता यायचं नाही. तुम्हाला सिप्रीत नाहीतर क्वार्टरात खोली घ्यावी लागेल. शाळा मात्र इतकी जवळ आहे, की घंटा इथं बसून ऐकू येते. आपल्याला जवळ की तिला जवळ, हा घोळ मी महिनाभर घालत होते. तो सुटला.

मधूला शाळेत घेतलं. शुद्धलेखनात चुका पुष्कळ निघाल्या, पण मोठ्या बाई म्हणाल्या, मराठी मुली लवकर शिकतात. काल तिनं मला विचारलं, ‘हे घर तरी खरंच घर आहे ना?’ मी तिला दोन्ही खोल्या, चूल, कोनाडा, दाराची आतली कडी, सगळं हात लावून दाखवलं. तिनं कडी स्वतः दोनदा लावून पाहिली. माझ्या हातून वेणी घालून घ्यायला ती अजून बसत नाही. आपली आपण घालते.

बकुळाबाईंकडं मी स्वतः जाऊन आले. त्यांच्यावर राग नाही म्हणून सांगितलं, आणि मुलीच्या आईचा होकार नाही हेही सांगितलं. बाई हादरल्या. म्हणाल्या, ‘पण सुपारी फुटली आहे. मुलीच्या बापानं शब्द दिला आहे.’ मी म्हटलं, मग तो शब्द बापाकडूनच पुरा करून घ्या. विद्याधर उंबऱ्यात उभा होता. तो मला फाटकापर्यंत पोचवायला आला आणि म्हणाला, ‘मला सांगितलं होतं की मुलीला सगळं ठाऊक आहे.’ त्या मुलाचा चेहरा पांढरा पडला होता. फसवलेल्यांत तोही एक निघाला.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही लिहिता, शब्द दिला आहे, माघातला मुहूर्त मोडणार नाही, बापाचा अधिकार आहे. असेल. शास्त्र तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण कन्यादानाला शेजारी बायको लागते, आणि मी बसणार नाही. ज्यांची बायको वारली ते अशा वेळी कमरेला सुपारी खोचून बसतात, आणि भटजींना ते चालतं. तुम्हीही तसे बसा.

येत्या शुक्रवारी मी या घरी हळदीकुंकू करते आहे. झाशीतल्या एकूण एक मराठी घरी जाऊन बोलावणं करून आले. सिप्रीच्या मालकीणबाईंना, नगऱ्याच्या आजीबाईंच्या सुनांना, जाऊबाईंनाही. वेगळ्या घरात का राहता, असं प्रत्येकीनं विचारलं आणि प्रत्येकीला मी खरं सांगितलं. ऐकून काही जणी गार पडल्या, पण येते म्हणाल्या सगळ्याच. त्या येतील, तुमच्या नावाचं कुंकू माझ्या कपाळाला लावून जातील, आणि माघात तुमच्या मांडवात बसून तुमच्या कमरेकडं बघतील.

शकुंतला